साखरपुड्याची अंगठी : खडा आणि कोंदण
(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



दर महिन्याच्या सभेत आपण लोणची, शिवणकाम, मुलांचे आजार अशा विषयांवर ऐकतो. या खेपेस चिटणीसबाईंनी मला साखरपुड्याच्या अंगठीवर बोलावयास सांगितले. गेल्या मार्गशीर्षात माझ्या पुतण्याचा साखरपुडा झाला आणि मुलीची अंगठी घेण्यासाठी मी व माझी धाकटी जाऊ अशा दोघींनी तीन पेढ्या पालथ्या घातल्या, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा जे पाहिले, विचारले आणि कागदावर टिपून ठेविले, तेच आज सांगते. आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी लग्नाची मुलेमुली आहेत आणि पैसा मात्र सर्वांचा बेताचाच.

आधी एक सांगून टाकते. हिऱ्याची अंगठी ही काही आपल्या घराण्यांतली जुनी चाल नव्हे. आपल्या आज्यांच्या वेळी वाङ्निश्चय म्हणजे नारळ-सुपारी, मुलीला साडी, ओटी आणि साखरेचा पुडा. ऐपत असली तर सोन्याचे एखादे वळे. हिरा मात्र आपल्याच देशाचा. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरा पुरविला तो मुख्यतः गोवळकोंड्याच्या मुलखाने. पण साखरपुडा म्हटला की हिराच हवा, हे वेड आले जाहिरातींतून. डी बिअर्स या हिरेवाल्या कंपनीसाठी १९४७ साली अमेरिकेत फ्रान्सेस गेरेटी नावाच्या बाईंनी एक घोषवाक्य लिहिले, ते जगभर गाजले. गंमत अशी की त्या बाईंनी स्वतः लग्नच केले नाही! पुढे १९८० नंतरच्या दशकात, अंगठीवर दोन महिन्यांचा पगार खर्चावा असेही त्याच कंपनीच्या जाहिराती सांगू लागल्या. ज्याला माल विकावयाचा आहे त्यानेच आपला खर्च ठरवावा, हे मला तरी पटत नाही.

तरी मुलांची हौस असते, आणि ती पुरवू नये असे मी म्हणणार नाही. रक्कम आधी घरात ठरवावी, कागदावर लिहावी आणि मगच पेढीची पायरी चढावी. तिथे मखमलीवर अंगठ्या मांडल्या आणि वर दिवे लावले म्हणजे आपला विचार टिकत नाही.

आमच्या घरीही तसेच होऊ घातले होते. जाऊबाईंच्या मनाने घेतले होते की अर्धा कॅरट तरी खडा हवाच, नाहीतर मुलीकडच्यांपुढे मान खाली जाईल. ठरविलेल्या रकमेत ते बसेना, म्हणून भावजींनी पतपेढीच्या कर्जाचा अर्जही आणून ठेविला. म्हणजे सून घरात यायची ती मागून हप्ते घेऊनच. मी म्हटले, "अगं, जिच्या बोटात घालायची तिला विचारलंस का?" तर ते कोणालाच सुचले नव्हते. मुलगी बालवाडीत शिकविते. ती आमच्याकडे आली तेव्हा मी सरळच विचारले. ती आधी लाजली, मग म्हणाली, "काकू, दिवसभर मुलं अंगाला झोंबतात. कोणाचं नाक पुसायचं, कोणाची वेणी घालायची. उंच खडा असला तर त्यांच्या केसांत अडकेल, गालाला लागेल. मग मी अंगठी घरीच ठेवीन. लहान असली तरी चालेल, पण बसकी असू दे."

भगिनींनो, खड्याचा आकडा आपण सगळ्याच विचारतो, पण तो खडा बसविला कसा आहे हे कोणी विचारीत नाही. सोन्याच्या ज्या घरात खडा बसतो त्याला आपण कोंदण म्हणतो. अंगठी रोज वापरता येते की कपाटात पडते, हिरा राहतो की गळून जातो, लहान खडा मोठा दिसतो की मोठा खडा केविलवाणा दिसतो, हे सारे कोंदणावर असते. पैसा थोडा असला तर अक्कल इथे खर्च करावी.

आता कोंदणांचे प्रकार सांगते.

सर्वांत जास्त दिसतो तो नख्यांचा प्रकार. वळ्याच्या वर सोन्याच्या चार किंवा सहा बारीक नख्या उभ्या असतात आणि त्या खड्याला कडेने धरतात. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली सहा नख्यांची अशी अंगठी काढली, तेव्हापासून ही तऱ्हा सगळीकडे पसरली. यात खड्याखाली मोकळी जागा राहते, चोहोंकडून उजेड आत जातो आणि हिरा झगझगतो. सोनेही कमी लागते. दिसावयास या घडणीला तोड नाही, हे कबूल केलेच पाहिजे. पण नखी म्हणजे शेवटी सोन्याचे टोकच. ते लुगड्याच्या काठात अडकते, केसांत अडकते, हळूहळू झिजते आणि वर उचलले जाते. माझ्या ओळखीच्या एका बाईंची अंगठी चार नख्यांची होती. कणीक तिंबताना कधीतरी एक नखी उचलली गेली असावी. रात्री अंगठी काढली तो मधे नुसते भोक! दुसऱ्या दिवशी त्यांनी केराची बादली चाळली, मोरीच्या जाळीत हात घातला, उरलेल्या पोळ्यासुद्धा कुसकरून पाहिल्या. खडा मिळाला नाही तो नाहीच. नख्या घ्यावयाच्याच असतील तर सहा घ्याव्यात. एक सैल झाली तरी उरलेल्या पाच धरून ठेवतात. चारांतली एक गेली की खडा डळमळलाच. चौकोनी किंवा टोकदार खडा असेल तर त्याचे कोपरे नखीने पुरते झाकले आहेत ना, तेही पाहावे. हिरा सर्वांत कठीण खरा, पण ठिसूळही आहे. कोपऱ्यावर नेमका मार बसला तर त्याचा टवका उडतो.

दुसरे बंद कोंदण. यात खड्याच्या सभोवती सोन्याची पट्टी असते आणि तिची कड आत वळवून खडा पक्का बसविलेला असतो. अडकावयास काही उरत नाही, खड्याची कड झाकली जाते आणि अंगठी बसकी राहते. उजेड थोडा कमी मिळतो, हा एक दोष. पण पट्टी पांढऱ्या सोन्याची असली तर लांबून पट्टीही खड्यातच मोजली जाते आणि लहान हिरा थोराड दिसतो. जुन्या कुंदनकामात खड्याखाली डांक घालून मागची बाजू बंद करीत, तसे इथे नको. खालून मोकळे असावे, म्हणजे मळ धुऊन निघतो. जिला घरकाम आहे, लहान मूल आहे, हाताने करण्याची नोकरी आहे, तिला मी हेच कोंदण सुचवीन.

तिसरा प्रकार आपल्या डोळ्यांच्या ओळखीचा, कारण तो आपल्या कुडीसारखाच दिसतो. मधे एक आणि भोवती सहा अशा सात लहान हिऱ्यांचे फूल. गिऱ्हाइकाला स्वस्तात मोठे काही दाखवावयाचे असले की सराफ हाच ट्रे पुढे सरकवितो. त्यात खोटे काही नाही. शंभर सेंट म्हणजे एक कॅरट. तीन सेंटचा गोल हिरा सुमारे दोन मिलिमीटर रुंद असतो. असे सात घेतले तर वजन होते फक्त एकवीस सेंट, पण फूल दिसते सहा मिलिमीटरचे. एक कॅरटचा एकटा हिरा साडेसहा मिलिमीटरचा असतो, म्हणजे दिसण्यात फार अंतर नाही आणि किमतीत मात्र आकाशपाताळाचे. कारण लहान हिऱ्यांचा कॅरटचा भावच मुळी कमी असतो. पण खडे सात म्हणजे सांभाळावयाच्या जागाही सात. पिठाचा आणि साबणाचा मळ त्या फटींत बसतो, आणि मोडावयास गेले तर एवढ्या बारीक हिऱ्यांना कोणी फारसे विचारीत नाही. सणासुदीला घालावयाची असेल तर जरूर घ्यावी. माझ्या जाऊबाईंना हीच आवडली होती.

आणखी एक तऱ्हा आहे, तिच्यापासून जपावे. इवल्याशा खड्याभोवती पांढऱ्या सोन्याची पैलू पाडलेली चकती बसवितात. दुकानाच्या दिव्याखाली चकती आणि खडा एकच वाटतात. घरी रोज वापरू लागले की चकतीवर चरे पडतात, ती मंद होते आणि मधला खडा किती लहान आहे ते उघडे पडते. वळ्याच्या सबंध फेऱ्यावर खडे असतात, तीही अंगठी मला रोजच्या वापरास नको वाटते, कारण तिचे माप पुढे वाढविता येत नाही. आपली बोटे का जन्मभर एकाच मापाची राहतात? उन्हाळ्यात सुजतात, गरोदरपणात सुजतात, चाळिशीनंतर पेरे जाड होतात. माप द्यावयाचे तेही संध्याकाळी द्यावे. सकाळच्या गारव्यात बोट बारीक असते. अंगठी पेऱ्यावरून किंचित जोर लावून उतरली पाहिजे.

खड्याच्या आकाराबद्दल पेढीवरच्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला मोठी उपयोगाची गोष्ट दाखविली. त्यांनी तीन खडे कागदावर ओळीने ठेविले. एक कॅरटचा साडेसहा मिलिमीटरचा, अर्ध्या कॅरटचा पाचाच्या किंचित वर आणि पाव कॅरटचा चाराच्या किंचित वर. वजन चौथाईवर आले तरी रुंदी निम्म्याहून बरीच जास्त राहिली! जाऊबाई बघतच राहिल्या. त्याच गृहस्थांनी सांगितले की अर्धा, एक अशा पुऱ्या आकड्याला भाव एकदम चढतो, म्हणून पन्नास सेंटच्या ऐवजी पंचेचाळीस-सत्तेचाळीस सेंटचा घ्यावा. बोटावर तो फरक कोणालाही दिसणार नाही. रंगाचेही तसेच. हिऱ्याच्या रंगाची प्रत इंग्रजी अक्षरांनी सांगतात. 'डी' म्हणजे अगदी पाण्यासारखा, आणि पुढे 'झेड'पर्यंत पिवळसर झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्यात बसवावयाचा असला तर 'जे'-'के' रंगाचा खडाही चांगला दिसतो, कारण शेजारी सोनेच पिवळे. त्यासाठी पांढऱ्याशुभ्र खड्याचे पैसे मोजण्याचे कारण नाही. मात्र पैलू चांगले पाडलेले असावेत. ते वाईट असतील तर मोठा खडाही काचेसारखा मेलेला दिसतो.

आता सोने. कॅरट हा शब्द दोन अर्थांनी वापरतात, त्यामुळे आपला गोंधळ होतो. हिऱ्याचा कॅरट हे वजन आहे, एका ग्रॅमचा पाचवा हिस्सा. सोन्याचा कॅरट म्हणजे कस. बांगड्या-पाटल्यांना आपण २२ कॅरटचे सोने घेतो, त्यात हजारात ९१६ भाग चोख. पण ते मऊ असते आणि खडा पकडून ठेवण्याचा जोर त्यात कमी. म्हणून हिऱ्याच्या अंगठीस बहुधा १८ कॅरटचे सोने वापरतात, हजारात ७५० भाग चोख. १४ कॅरटचेही चालते, त्याचा आकडा ५८५. आपल्याकडे वडीलधाऱ्या बायका अठरा कॅरट म्हटले की नाक मुरडतात. इथे तसे करू नये. पैसे तेवढ्या कसाचेच द्यावेत म्हणजे झाले. तीन ग्रॅमच्या अंगठीत २२ कॅरट असेल तर चोख सोने पावणेतीन ग्रॅम आणि १८ कॅरट असेल तर सव्वादोन ग्रॅम. म्हणजे वाचलेले अर्धा ग्रॅम चोख सोने खड्याच्या बाजूस वळविता येते.

पांढरे सोने म्हणून जे मिळते त्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो काही वर्षांनी उतरतो आणि पुन्हा चढवावा लागतो, त्याचे पैसे पडतात. म्हणून वळे पिवळे आणि खड्याभोवतालचे कोंदण तेवढे पांढरे, हा मेळ मला सर्वांत बरा वाटतो. वळे फार बारीकही करू नये. किंमत खाली आणावयाची म्हणून ते आतून खरवडून पोकळ करितात, मग भांडे उचलतानाच ते वाकते, आणि वळे वाकले की कोंदण सैल होते. वळ्याची जाडी दीड मिलिमीटरच्या खाली नसावी.

हॉलमार्कचे सर्वांनी ऐकले आहेच. २०२१ च्या जूनपासून सरकारने तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला, आणि १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर अक्षरे व आकडे मिळून सहा खुणांचा स्वतंत्र क्रमांकही असावा लागतो. 'बीआयएस केअर' नावाचे ॲप आहे, त्यात तो क्रमांक घातला की दागिना कोणी तपासला, कोणत्या कसाचा, ते कळते. माझ्याने हे होत नव्हते, पुतण्याने दुकानातच करून दाखविले. परंतु एक बारकावा आहे. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्यास ही सक्ती नाही. स्वस्त पडावी म्हणून अंगठी अगदीच हलकी घेतली तर कसाची ही खात्री आपण गमावून बसतो. आणि हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा नव्हे. हिऱ्याचे प्रमाणपत्र वेगळे मागावे.

बिलाशी मात्र आपण बायकांनी जरा भांडलेच पाहिजे. एका दुकानात, त्याचे नाव घेत नाही, आम्हाला जो हिशेब दाखविला त्यात अंगठीचे सगळे वजन, खड्यासकट, सोन्याच्या भावाने लावले होते, आणि खाली खड्याची किंमत पुन्हा निराळी! अंगठी भरली ३.०५ ग्रॅम. खडा पंचवीस सेंटचा, म्हणजे ०.०५ ग्रॅम. तेव्हा सोने नक्की ३ ग्रॅम. मी सातवीपर्यंतच शिकले, पण इथे त्रैराशिकाचीही गरज नाही, नुसती वजाबाकी पुरते. मी विचारले तेव्हा माणूस म्हणाला, "एवढ्याशानं काय होतं, काकू?" मी म्हटले, "होत नसेल तर कमी करा की." केले त्याने! पण असे करणाऱ्याकडे आम्ही मग अंगठी घेतली नाही. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन, कस, त्या दिवसाचा भाव, हिऱ्याचे वजन, रंग आणि प्रत, घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. घडणावळीत घासाघीस होते, तिथे लाजू नये. पुढे परत घ्याल तर काय भावाने, हेही लिहून मागावे. घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, ते पैसे गेले असेच धरून चालावे.

आमच्या अंगठीचे शेवटी असे ठरले. खडा पाव कॅरटचा, पिवळे वळे १८ कॅरटचे, तीन ग्रॅमचे, आणि भोवती पांढऱ्या सोन्याचे बंद कोंदण, खालून मोकळे. ठरविलेल्या रकमेत बसले. भावजींनी कर्जाचा अर्ज फाडला नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली. साखरपुड्याच्या दिवशी मुलीकडच्या एक बाई बोट हातात धरून म्हणाल्या, "खडा लहानसा दिसतोय." जाऊबाई काही बोलण्याच्या आत मुलगीच म्हणाली, "मीच सांगितलं होतं असा घ्या म्हणून. रोज घालणार आहे मी." त्यावर बाई काय बोलणार?

अंगठी रोजच्या वापरात असली तरी कणीक तिंबताना आणि भांडी घासताना काढावी. हिऱ्याला तुपातेलाची फार ओढ असते, लगेच मंद होतो. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशाने खालून घासावा. मोरीवर धुऊ नये, वाटीत धुवावा. वर्षातून एकदा पेढीवर नेऊन कोंदण तपासून घ्यावे. घरच्या घरी पाहावयाचे तर अंगठी कानाशी धरून बोटाने हळूच टिचकी मारावी. बारीक खुळखुळ ऐकू आली तर खडा सैल झाला आहे असे समजून त्याच दिवशी काढून ठेवावी.

भाषणानंतर एका भगिनीने प्रश्न विचारला, तो आणि माझे उत्तरही इथे द्यावे असे चिटणीसबाईंनी सांगितले. प्रश्न होता, प्रयोगशाळेत वाढविलेला हिरा घ्यावा की नाही. मी सांगितले ते असे. तो खोटा नव्हे. अमेरिकन डायमंड म्हणून जो मिळतो तो हिराच नसतो. हा मात्र हिराच, खाणीतल्यासारखाच कर्बाचा, आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतला फरक ओळखता येत नाही. २०२३ साली आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नीस असाच साडेसात कॅरटचा हिरा भेट दिला होता, तेव्हा त्यात कमीपणा नाही. खाणीतल्या हिऱ्यापेक्षा तो पुष्कळ स्वस्त पडतो. पण अलीकडे त्याचे भाव फार उतरले आहेत आणि मोडावयास गेल्यास जवळजवळ काहीच हाती येत नाही. अंगठी घालण्यासाठीच आहे, अडीअडचणीस मोडण्यासाठी नाही, असे दोन्ही घरांना मान्य असेल तर खुशाल घ्यावा. आमच्या जाऊबाईंना तो नको होता, म्हणून आम्ही घेतला नाही. मात्र घेतला तर व्याह्यांना आधी तोंडाने सांगावे आणि प्रमाणपत्रही त्यांच्या हाती द्यावे. चार वर्षांनी सराफाच्या तोंडून त्यांना ते कळले, तर त्याचे बोलणे आयुष्यभर सुनेला ऐकावे लागते.